दगडावरच्या चपला

फोटोत त्या चपला मधेच येत होत्या, म्हणून दिपमालाने त्या उचलल्या... झालं ते एवढंच.

बंधाऱ्याच्या काठावर एक सपाट काळा दगड होता. मागे फेसाळणारी लाट, वर आश्विनातलं धुतल्यासारखं आभाळ आणि बरोबर मधोमध तारेने शिवलेल्या कळकट चपलांचा जोड! तिने त्या दोन बोटांत धरून झुडपामागे ठेवल्या आणि मोबाईल डोळ्यांसमोर धरला.

तेवढ्यात तिच्या शेजारून एक जण फळी घेऊन धावला आणि थेट लाटेत शिरला.

"अरे थांब!" काठावरची मुलं एकदम किंचाळली. "अभिमन पानीमाच शे!"

लाटेच्या खाली, दोन खडकांच्या मधल्या फटीतून एक डोकं वर येत होतं. तोल गेलेली फळी सुसाट त्याच दिशेने गेली. फळी त्या डोक्याजवळून वीतभर अंतराने खडकावर आदळली... खाडकन.

थोड्या वेळाने एक तरुण पाणी निथळत वर आला.

"मन्ह्या चपला कोनी उचल्यात?"

"मी..." ती चाचरत म्हणाली. "फोटोसाठी. त्या जरा... वाईट दिसत होत्या."

त्याने झुडपामागून चपला काढल्या, उलटसुलट करून पाहिल्या.

"दिसतात खऱ्या," तो म्हणाला, आणि हसला.

पण चपलेचा पट्टा त्याला तीनदा सरळ करावा लागला. ते फक्त दिपमालाला दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र कुठे आणि शिरपूर तालुका कुठे! इथे लाट कुठून आली? तर ऐका. गावाच्या शेतांना पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी नदीवर दगडी बंधारा घातला. पावसाळ्यानंतर धरणाचं पाणी सुटलं, की ते बंधाऱ्याच्या उतारावरून वेगाने खाली येतं आणि खालच्या संथ पाण्यावर आपटून मागे उसळतं. समुद्राची लाट चालत येते आणि काठावर मोडते. ही मात्र जागच्या जागी उभी राहते. गावातली पोरं जुन्या दाराच्या फळ्या घेऊन तिच्यावर उभी राहायला शिकली.

पण लाटेतून पडलेला माणूस वाहत जातो तो खालच्या फटीत, आणि ती फट एका माणसापुरतीच. दोघे एकदम आले तर अडकणार. म्हणून गावाचा एक नियम होता. पाण्यात जाणाऱ्याने चपला काळ्या दगडावर काढायच्या. तो बाहेर येऊन स्वतःच्या हाताने त्या उचलेपर्यंत दुसऱ्याने पाण्यात पाय घालायचा नाही. दुसऱ्याच्या चपलांना हात लावायचा नाही, मग कितीही घाई असो.

दिपमालाला हे कोण सांगणार? ती जळगावची, पिंप्राळ्याची. स्कूटीवर वाढलेली मुलगी. नदी पाहायची ती पुलावरून, आणि तीही गाडी न थांबवता. लहानपणी हौदात पडली होती, तेव्हापासून खोल पाणी दिसलं की ती लांबूनच वळायची. पण नोकरीच अशी लागली. जितेंद्र नावाच्या माणसाने या काठावर सर्फिंगचा धंदा काढायचं ठरवलं होतं. व्हिडिओ काढायचे आणि लोकांना बोलवायचं, हे तिचं काम.

"तुले पोहता येस का?" दुसऱ्या दिवशी अभिमनने विचारलं.

"नाही."

"आणि लोकांना बोलावतेस पाण्यात?"

"लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं लग्न झालेलंच असतं का?"

तो खळखळून हसला. मग हळूच म्हणाला, "तुझं... नाही ना झालं?"

दिपमाला मोबाईलमध्ये बघत राहिली. स्क्रीन केव्हाच बंद झाली होती, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

अभिमन दोन वर्षं गोव्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवून आला होता. येताना एक डागडुजी केलेला बोर्ड आणि खांद्यावर एक लांब व्रण घेऊन आला.

"हे कशाने झालं?"

"बोर्डखालच्या धारदार पात्याने. दुसऱ्याच्या." तो लाटेकडे बघत म्हणाला. "मी गेलो तेव्हा तिथे एकच शाळा होती. मग दुसरी आली, तिसरी आली. बोर्ड भाड्याने देणारे आले. ज्याला त्याला गिऱ्हाईक पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला पाहिजे पहिल्याच दिवशी उभं राहिल्याचा फोटो. माणसं वाढली, दिपमाला... लाटा कोण वाढवणार? एका लाटेवर आठ-दहा जण. कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. तिथे निदान मागून दुसरी लाट यायची. इथे तर एकच आहे."

तो पहिल्यांदाच तिचं नाव घेत होता. पण तिला गोड वाटायच्या आधी भीतीच वाटली.

बंधाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला सुकलाल आबांची झोपडी होती. आबा पाटकरी. शेतांच्या पाटाचं दार उघडायचं लोखंडी चाक त्यांच्या ताब्यात. लांबच्या पुलावरून फिरून ती दोघं त्यांच्याकडे चहाला गेली, तेव्हा आबांनी तिला चाक दाखवलं.

"हाई फिरावं, की बठ्ठं, सगळं पानी पाटमा जास. लाट झोपी जास," ते म्हणाले. मग बंधाऱ्यावरून का नाही आणलंस, अशा नजरेने डोळे बारीक करून अभिमनकडे पाहिलं. "पोर बंधारावरथीन काब्रं नही उनी? इतला लांब फेरा?"

"आबा, तिला भ्याव वाटस."

"तुले नही वाटस?"

अभिमनने चहाचा घोट घेतला. "माले बी वाटस," तो म्हणाला. "म्हणून तर चपला मोजतो."

परतताना दिपमालाने बंधाऱ्याच्या माथ्याकडे पाहिलं. हातभर रुंदीची भिंत, तिच्यावरून घोट्याएवढं पाणी सरसर वाहतंय, आधाराला एक गंजकी तार.

"कधी तरी चालशील माझ्याबरोबर?" त्याने विचारलं.

"या जन्मात नाही."

"बरं... पुढच्या जन्मी वाट बघतो."

तिने काढलेला व्हिडिओ भलताच चालला. लाटेवर हात पसरून उभा असलेला अभिमन लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. धुळ्याहून गाड्या आल्या, जळगावहून आल्या, मग इंदूर-सुरतेच्या पाट्याही दिसू लागल्या. काठावर मॅगीचे आणि केळीच्या वेफर्सचे गाडे लागले. जितेंद्रने रंगीत बोर्ड आणले. त्याचं पाहून आणखी दोघांनी तंबू ठोकले, आणि भाव पाडून लोकांना आपल्याकडे ओढू लागले. आधी लाटेत एक जण असायचा. मग दोन. मग चार.

"सर, एका वेळी एकच सोडू या," दिपमाला जितेंद्रला म्हणाली.

"एकेक सोडला तर बाकीचे काय काठावर भजन करतील? ते शेजारच्या तंबूत जातील." आणि मग काळ्या दगडाकडे बोट दाखवून, "तो चपलांचा ढीग आधी हटव. व्हिडिओत गचाळ दिसतं."

एक चकचकीत रॅक आलं. कोणाचीही चप्पल, कुठेही. त्यावरून पाण्यात कोण आहे हे आता देवालाही कळलं नसतं.

संध्याकाळी अभिमन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिला वाटलं, आता भांडेल. त्याने भांडायलाच हवं होतं.

"तू रागावलास?"

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"भीती वाटली की मी बोलत नाही," तो म्हणाला. "उद्यापासून मी लाटेवर जाणार नाही. खाली फटीजवळ बसेन. कोणी अडकलं तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

"मी सोडू का ही नोकरी?"

"सोडलीस तर मग... रोज दिसणार कशी?"

एवढं बोलून तो भराभरा निघून गेला. दिपमाला तिथेच उभी राहिली. तिला हसू येत होतं आणि रडूही. पाठीमागे लाट घुमत होती, आणि तो आवाज तिला कधी नव्हे इतका भुकेला वाटला.

मग तो रविवार उजाडला.

काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. तिन्ही तंबूंचे भोंगे एकमेकांवर ओरडत होते. लाटेत किती जण होते ते सांगता येत नव्हतं. रंगीत बोर्ड एकमेकांवर आपटत होते, पडणारे पडत होते, पडल्या जागी नवे शिरत होते. जो तो मोबाईल वर धरून हसत होता.

दिपमालाची नजर सहज काळ्या दगडावर गेली.

तिथे एकच जोड होता. तारेने शिवलेला.

तिने फटीजवळच्या खडकाकडे पाहिलं. तिथे कोणीच बसलेलं नव्हतं.

वर गेला असेल चहाला... पण चपलेशिवाय? थांबू या थोडं. ती थांबली. चपला तशाच. लाट तशीच. फटीच्या तोंडाशी चार-पाच बोर्ड अडकून एकमेकांवर चढले होते, आणि वरून आणखी येतच होते.

"थांबवा!" ती ओरडली. "सगळ्यांना बाहेर काढा! अभिमन खाली आहे!"

"कोण अभिमन?" एकाने विचारलं.

"असेल इथेच कुठेतरी," जितेंद्र म्हणाला. "लोकांना उगाच घाबरवू नकोस."

तिने पलीकडच्या काठाकडे पाहून हाका मारल्या. आबा झोपडीपुढे पाठमोरे बसले होते. पाण्याच्या गर्जनेत त्यांना काय ऐकू जाणार? पुलावरून फिरून जायला वेळ नव्हता.

उरली ती भिंत.

दिपमालाने चपला काढल्या. कुठे ठेवतेय याचं भानही नव्हतं तिला. मग पाण्यात पाय घातला. पाणी घोट्याला झोंबलं, शेवाळावरून टाच सटकली, तार हातात रुतली. डाव्या बाजूला खोल, मुकं पाणी. उजव्या बाजूला लाट आ वासून. खाली पाहिलं की डोकं गरगरत होतं, म्हणून तिने आबांच्या पांढऱ्या टोपीवर नजर लावली. एक पाऊल. थांब. दुसरं. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असावं असं तिला वाटत होतं... पण ते नाव देवाचं नव्हतं.

"आबा! चाक!"

आबांनी वळून पाहिलं. बंधाऱ्यावरून आलेली ती मुलगी, तिचा पांढराफटक चेहरा... त्यांनी एक शब्द विचारला नाही. दोघांनी मिळून चाकाला हात घातला. चाक कुरकुरलं, अडलं, फिरलं. पाटाचं दार उघडलं आणि पाणी धाडधाड पाटात शिरलं.

लाट आधी थरथरली. मग वाकली. आणि शेकडो माणसांच्या देखत ती हळूहळू झोपी गेली. भोंगे एकेक करून बंद पडले. इतकी शांतता त्या काठावर कितीतरी दिवसांत नव्हती.

फटीत पाणी उतरलं, तेव्हा बोर्डांच्या ढिगाखाली एक हात दिसला. लोक धावले. ढीग उपसला. आत खडकाला पाठ टेकून अभिमन उभा होता. बोर्ड पायाला बांधायच्या दोरीत गुरफटलेल्या एका पाहुण्या मुलाचं डोकं त्याने इतका वेळ पाण्याच्या वर, खांद्यावर उचलून धरलं होतं. मुलगा खोकत होता. जिवंत होता. वरून बोर्ड पडत गेले आणि बाहेरची वाट बुजत गेली, म्हणून दोघे तिथेच अडकले होते.

पलीकडच्या काठावर दिपमाला मटकन खाली बसली.

अभिमनला काठावर आणलं. ओठ निळे, कोपरं सोललेली. कोणी टॉवेल दिला, कोणी पाणी. त्याने सवयीने काळ्या दगडाकडे पाहिलं, आणि जागीच थिजला.

दगडावर दोन जोड होते. एक त्याचा. आणि त्याला अगदी लागून, नाजूक निळ्या पट्ट्यांचा दुसरा.

"दिपमाला..." तो पुटपुटला. मग टॉवेल फेकून ओरडला, "दिपमाला पाण्यात आहे! सोडा मला! तिला पोहता येत नाही!"

तो पुन्हा फटीकडे धावला. दोघातिघांनी धरलं, तरी आवरेना. मघाशी फटीत ज्याने धीर सोडला नव्हता, तो माणूस आता लहान मुलासारखा हमसून रडत होता.

"अभिमन!"

हाक वरून आली. त्याने मान वर केली.

"मी इथे आहे! या बाजूला!"

तो बघतच राहिला. मग बंधाऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"तू... भिंतीवरून गेलीस?"

"मग काय उडून?"

"आबा," तो तिकडूनच ओरडला, "तिला म्हणावं हलू नको! मी येस तिकडे!"

"हाई पोर बी आते बंधारावर चालाले शिकनी!" आबा डोळे पुसत हसले. मग काठावरच्या गर्दीकडे वळून त्यांनी आवाज चढवला. "आणि तुम्ही बठ्ठा ऐका! दगडवर एकच जोड ऱ्हाई, तवयच लाट उभी ऱ्हाई. नहीतर पानी वावरमा जाई. चाक मन्हाकडे शे!"

रॅक जितेंद्रने स्वतःच उचलून गाडीत टाकलं.

भिंत आता जवळजवळ कोरडी होती. अभिमन अनवाणीच चालत आला. तिचा हात धरून तो तिला परत घेऊन निघाला. मधोमध आल्यावर दिपमाला थांबली.

"पुढच्या जन्माची वाट बघणार होतास ना?"

"तेवढा धीर कोणाला आहे?" तो म्हणाला. "दिपमाला, मी खाली होतो तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो... तुझ्या चपला पाहिल्या, तेव्हा घाबरलो."

तिने त्याची बोटं घट्ट धरली.

दगडापाशी येऊन दोघे उभे राहिले. दोन जोड उन्हात वाळत होते.

"उचल," तो म्हणाला. "तुझ्या तूच उचलायच्या. नियम आहे."

दिपमालाने खाली पाहिलं. एक तारेने शिवलेला जोड, एक निळा. मोबाईल खिशात होता, पण तिला फोटो काढावासा वाटला नाही.

"राहू दे ना थोडा वेळ..." ती म्हणाली. "चांगल्या दिसताहेत."