मोत्यांखालची रेघ

श्रुतलेखन संपलं आणि चौथीच्या वर्गातल्या एकतीस लेखपाट्यांचे पडदे एकदम उजळले. शालन निकुंभ बाई रांगांमधून फिरल्या. जिकडं बघावं तिकडं टपोरं, गोल अक्षर. एक वेलांटी तुटलेली नाही, एक काना कललेला नाही. सहा वर्षांपूर्वी या पाट्या आल्या, आणि वर्षभरात सातपुड्याच्या पायथ्याची ही शाळा हस्ताक्षरासाठी जिल्ह्यात गाजली. ते श्रेय बाईंनी आपल्या पदरात घेतलं होतं. का घेऊ नये? वीस वर्षं पोरांचा हात धरून त्या गिरवून घेत आल्या होत्या.

त्या दिवशी जुन्या पाट्या बदलायला तालुक्याहून रजिया तांबोळी आली होती. पन्नाशीची, बोलायला मोकळी. बाईंनी कपाटातून एक पाटी काढून तिच्यापुढं ठेवली. ती कार्तिकी बाविस्करची. कार्तिकी पाच वर्षांपूर्वी गेली, वयाचं दहावं वर्ष सरायच्या आत. मेंदूत गाठ निघाली होती. पोरीला चार महिने आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तिची पानं काढून आईला द्यावीत, एवढंच बाईंच्या मनात होतं.

"कोणती देऊ मॅडम?" रजियानं विचारलं. "सुवळणाची की मूळ?"

बाईंना कळेना. मग रजियानं एक पान उघडून दाखवलं. मूल लिहितं तेव्हा लेखणी त्याच्या हाताचा दाब, वेग, थरथर सगळं टिपते. आणि पापणी लवायच्या आत पाटी ती रेघ सुडौल करून समोर मांडते. हेच सुवळण. पोरं हिरमुसत नाहीत, पालक खूश राहतात. पहिल्या दिवसापासून चालू आहे.

"अख्ख्या वर्गाचं अक्षर एका साच्यातलं, तुम्हाला कधी नवल नाही वाटलं?" रजिया हसून म्हणाली.

साचा आपलाच आहे, असं बाईंना वाटत आलं होतं.

रजियानं पानावरचं सुवळण हटवलं. जूनमधली कार्तिकीची अक्षरं थोडी तिरकी, पण ठाम होती. दसऱ्याला ओळ उताराला लागली. दिवाळीनंतर तर मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडावी तशी रेघ भरकटत होती. गृहपाठ होता, घरच्या मोठ्यांकडून एक ओवी आणा. कार्तिकीनं आत्याची आणली होती:

दळण गं मांडियेलं, दाणा दाणा देऊ बाई,
थकला गं हात माझा, तुझा हात घेऊ बाई.

'हात' शब्द तिनं तीनदा लिहायला घेतला होता. पाटीनं दोनदाचा पुसून टाकला होता.

बाईंना आठवलं. याच टेबलापाशी कार्तिकी उजवं मनगट चोळत उभी राहिली होती. "बाई, मी म्हणते तसा माझा हात लिहीत नाही," म्हणाली होती. बाईंनी पाटी उचलून वर्गाला दाखवली होती. एवढे मोती ओवणारा हात आळशी झालाय म्हणे, अशी थट्टाही केली होती. वर्ग हसला. कार्तिकीही हसली, जागेवर जाऊन बसली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

ज्या पाटीवर भरवसा ठेवून त्यांनी पोरीला खोटं पाडलं, ती पाटी सगळं जाणून होती.

"हे सगळ्यांचं बंद कर," बाई म्हणाल्या.

वरून हुकूम लागतो, पालक ओरडतील, शाळेचं नाव जाईल, असं रजियानं सांगून पाहिलं. मग बाईंचा चेहरा बघून तिनं कळ फिरवली. एकतीस पाट्यांवरचे मोती ओघळले. कुणाची ओळ बेडकासारखी उडत होती, कुणाचा 'ळ' पोटावर पडला होता. दोघी-तिघी रडवेल्या झाल्या. बाई एकेका पाटीवर वाकून रेघ बघत राहिल्या, डाळीतले खडे बघावेत तशा.

शाळा सुटल्यावर त्या कार्तिकीच्या घरी गेल्या. आई जयश्री ओट्यावर शेंगा फोडत होती. बाईंनी रजियाकडून कागदावर छापून घेतलेलं ते थरथरत्या अक्षरांचं पान तिच्या हातात दिलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. वर्गातली ती थट्टासुद्धा.

जयश्रीनं बोटानं एकेक अक्षर चाचपलं.

"मलाही म्हणायची," ती म्हणाली. "हातातून कप सुटायचा तिच्या. मी म्हणायचे, हाताला काय धाड भरलीय? तुझ्या बाई तर मोत्यासारखं अक्षर म्हणतात."

जयश्रीनं पान घडी न घालता मांडीवर ठेवलं, वर बघितलं. डोळे कोरडे होते.

"पाच वर्षं मी नशिबाला बोल लावत होते, बाई. आज तुम्ही हे आणलंत. खरं सांगा, माझ्यासाठी आणलंत, की तुम्हाला एकटीला पेलवेना म्हणून?"