चौथा ठोका

ही गोष्ट खोटी निघाली, तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

पण ती खरी आहे. माझ्या सख्ख्या मामेभावाची आहे. पुढचं बरंचसं त्याने मला स्वतः सांगितलंय आणि शेवट मी माझ्या कानांनी ऐकलाय. माझे कान धडधाकट आहेत. घरचे म्हणतात, जरा जास्तच धडधाकट आहेत.

त्याला आम्ही भुंगा म्हणतो. लहानपणापासून सतत काहीतरी गुणगुणायचा, म्हणून. आणि लाजाळू इतका, की घरी पाहुणे आले की हा पलंगाखाली!

मोठा झाल्यावर कामही तसंच मिळालं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या. दिवसभर तो आणि यंत्र. संध्याकाळी तो आणि त्याची खोली. खाली बंद पडलेली लाँड्री, वर दोन मजले लाकडी जिना, आणि मग ही खोली. एक पलंग, एक खुर्ची, एक गिटार आणि तिचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा.

आधी खुर्च्या दोन होत्या. दुसरी दादाची.

दादा म्हणजे भुंग्याचा मोठा भाऊ. पंपांच्या, पंख्यांच्या जळलेल्या मोटारींना नव्याने तार गुंडाळायचं त्याचं काम. वाइंडिंगवाला म्हणूनच सगळे त्याला ओळखायचे. संध्याकाळी दोघे भाऊ गिटार घेऊन बसायचे आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खायचे. भुंगा लाजरा, त्यामुळे सुरुवातीला नेहमी मागे राहायचा. म्हणून दादाने एक युक्ती काढली होती. गिटारच्या लाकडावर नखाने तीनच ठोके द्यायचा.

टक. टक. टक.

"चौथा तुझा," म्हणायचा.

भुंग्याने चौथा ठोका दिल्याशिवाय दादा गाणं सुरूच करायचा नाही. मग ती सवयच लागली. कामावरून आला की दादा दारावर तीनदा ठोकायचा, आतून भुंगा एकदा. मगच दार उघडायचं. आम्ही हसायचो. घोड्याएवढे झाले दोघं तरी पोरखेळ जात नाही, असं मामी म्हणायची.

मग दादाचं छातीचं दुखणं निघालं आणि एका हिवाळ्यात तो गेला.

त्याची खुर्ची भुंग्याच्याने बघवेना. त्याने ती कोणाला तरी देऊन टाकली.

हे सगळं सांगायचं कारण आहे. थोडं थांबा.

दादा गेल्यानंतर भुंगा कोणात मिसळेनासा झाला. फोन केला की "हो ताई, बरा आहे ताई", संपलं. आणि अशात एका बँडला गिटारवाला हवा होता. त्यांच्या ड्रमवाल्याला सगळे ठोक्या म्हणतात. माणूस आडदांड, पण मनाने लोणी. त्याने भुंग्याला ऐकलं आणि तोंडावर सांगितलं,

"हात चांगलाय रे तुझा. पण आवाज? डास गुणगुणतोय जसा. आम्हाला छातीत धडकेल असा आवाज हवाय. गिटारचा पिकअप बदल आणि ये."

पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तारेचं वेटोळं. गिटारची तार हलली की तो ते पकडतो आणि ॲम्पकडे पाठवतो. तो जेवढा दमदार, तेवढा आवाज जड.

बँड मिळाला असता तर भुंग्याला चार माणसं मिळाली असती. हसायला, भांडायला, एकत्र जेवायला. मला दुसरं काही नको होतं. मी म्हटलं, "बदल की! विकत घे एक नवा."

तो म्हणाला, "नवा नको ताई. आहे माझ्याकडे."

दादाने आजारपणात अंथरुणात बसून एक पिकअप गुंडाळला होता. भुंग्यासाठी. त्याच्या हातचं ते शेवटचं काम. भुंग्याने तो कधी लावलाच नव्हता. कापसात गुंडाळून डबीत ठेवला होता.

त्यात एक खोड होती. असा पिकअप गुंडाळला की तो वितळलेल्या मेणात बुडवतात. आतली वेटोळी चिकटून बसतात, हलत नाहीत. दादाने तो बुडवला नव्हता. "मेण घातलं की आवाज गुदमरतो," असं त्याचं म्हणणं. मोटारीला तो न चुकता वॉर्निश द्यायचा, पण भावाच्या पिकअपला मेण नाही म्हणजे नाही.

तो रविवार होता. दुपार उतरत आली होती. भुंग्याने तारा सैल केल्या, जुना पिकअप काढला, दादाचा बसवला, दोन वायरी सोल्डर केल्या. ॲम्प चालू केला आणि पहिला सूर वाजवला.

खिडकीची काच थरथरली.

इतका जड, इतका भरलेला आवाज! भुंगा एकटाच हसला. दादाला हाक मारावी असं त्याला वाटलं. तोंड उघडलंही. मग आठवलं.

त्याने गिटार पलंगावर ठेवली.

ॲम्प बारीक किंचाळायला लागला. त्याने आवाज थोडा कमी केला. किंचाळणं थांबलं, पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. तो खोकला, तर खोकला ॲम्पमधून आला. तो "हॅलो" म्हणाला, तर ॲम्पमधून पातळसा "हॅलो" आला.

यात भुताटकी काही नाही. मेण नसलेला पिकअप खोलीतले आवाजही पकडतो. भुंग्याला हे ठाऊक होतं. उलट त्याला गंमत वाटली. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी त्याच्या बोलण्याला कोणीतरी ओ दिली होती.

तो कोपऱ्यात चहा करायला गेला. कप ठेवला, ॲम्पमधून कपाचा आवाज. चमचा हलवला, चमच्याचा आवाज.

कप घेऊन तो खुर्चीत बसला. अगदी शांत.

आणि ॲम्पमधून…

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

भुंगा हलला नव्हता. खोलीत एकच खुर्ची होती. तिच्यावर तो स्वतः बसला होता.

त्याने कप हळूच खाली ठेवला. कपाचा आवाज ॲम्पमधून आला. मग पुन्हा सगळं शांत.

मग…

टक. टक. टक.

लाकडावर नख आपटल्यासारखे. गिटार पलंगावर एकटी पडली होती. आजूबाजूला कोणी नाही.

तीन ठोके. आणि मग नुसती शांतता. पण ती संपल्याची शांतता नव्हती, भुंगा म्हणतो. कोणीतरी वाट बघत थांबलंय, अशी होती.

त्याने धावत जाऊन प्लगच उपटला.

मला फोन आला. "ताई, गिटारच्या वायरिंगमध्ये काहीतरी गडबड आहे गं."

"मग मला कशाला सांगतोस? मला साधा बल्ब बदलता येत नाही."

"ठोके ऐकू येतात."

"कोणीतरी भिंतीत खिळा ठोकत असेल. जेवलास का?"

तो नाही म्हणाला. किती ठोके, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने ॲम्प लावला. थोडं वाजवलं. थांबला.

टक. टक. टक.

तिसऱ्या दिवशीही तेच. त्याच वेळी… दादाची कामावरून यायची वेळ.

दर वेळी भुंग्याचं बोट उचललं जायचं. दर वेळी तो हात मागे घ्यायचा. "ताई, मला कळत होतं गं," तो नंतर म्हणाला. "पण चौथा दिला असता तर पुढे काय झालं असतं? दार उघडतो ना आपण मग."

शनिवारी बँडची प्रॅक्टिस होती, एका रिकाम्या गोदामात. तिथे ठोके आले नाहीत. पण आवाज मोठा केला की गिटार अशी किंचाळायची की सगळ्यांनी कान झाकले. ठोक्या म्हणाला, "मेणात बुडवून आण रे बाबा तो पिकअप. नाहीतर आमचं घोडं इथेच अडणार."

इकडे चार जिवंत माणसं. तिकडे तीन ठोके.

गाड्या, रेडिओ, गिटार, कशाचीही दुरुस्ती करणाऱ्या एका मिस्त्रीकाकांकडे भुंग्याने ती दिली.

"करतो मुका त्याला," काका म्हणाले.

गिटार परत आली. भुंग्याने संध्याकाळी ॲम्प लावला. आवाज तोच, जड, छातीत धडकणारा. आता किंचाळणं नाही. तो खोकला. ॲम्प गप्प. "हॅलो" म्हणाला. ॲम्प गप्प. दादाची यायची वेळ झाली…

काही नाही.

त्याचा जीव भांड्यात पडला. पुढच्या प्रॅक्टिसला त्याने असं वाजवलं, की ठोक्याने काठ्या फेकून त्याला उचललंच. बँड मिळाला! त्या रात्री ते सगळे एकत्र जेवले. भुंग्याने मला फोन करून तासभर बडबड केली. मी फोन ठेवला आणि आनंदाने रडले.

हे सुख फार टिकलं नाही.

हळूहळू तो संध्याकाळी ॲम्प लावून नुसता बसायला लागला. न वाजवता. कान देऊन. जो ठोका ऐकून आधी त्याचं काळीज हलायचं, तोच आता ऐकू येत नाही म्हणून त्याला चैन पडेना.

एक दिवस तो मिस्त्रीकाकांकडे गेला. "काका, ते मेण परत काढता येईल का?"

"नाही रे. आत मुरलं ते. उकलायला गेलास तर सगळी तार तुटेल." मग काका जरा घुटमळले. "कोणी गुंडाळला होता तो?"

"भावाने. का?"

"काही नाही. मेणात टाकला की आतली हवा निघते. बुडबुडे येतात वर. ते थांबले की झालं काम. आजवर शेकडो बुडवले असतील मी, भराभर येतात आणि संपतात. तुझ्याचं काहीतरी वेगळंच."

"वेगळं म्हणजे?"

"तीन यायचे आणि थांबायचे. बराच वेळ. मला वाटायचं झालं. काढायला जावं, की परत तीन. परत थांबायचे. असं कितीदा तरी."

भुंग्याने टेबलाची कड धरली. "आणि शेवटी?"

"शेवटी तीन आले, थांबले… आणि मग एकच आला. एकटाच. त्यानंतर काही नाही."

भुंगा घरी आला आणि हमसून हमसून रडला. दादाने इतकी वाट बघितली. आणि शेवटी चौथाही स्वतःच देऊन टाकला.

हे कळल्यावर मी तडक त्याच्याकडे गेले. संध्याकाळच होती. ॲम्प चालू, गिटार मांडीवर. त्याने नखाने लाकडावर तीन ठोके दिले आणि थांबला.

"चौथा तू देऊ नकोस हं ताई," म्हणाला.

मी हात पदरात लपवून बसले. काही झालं नाही. त्याने पुन्हा तीन दिले. पुन्हा काही नाही. मला ते बघवेना. "उद्या येते," म्हणून मी उठले, दार ओढून घेतलं, आतून त्याने कडी लावली आणि मी जिना उतरू लागले.

एक मजला खाली आले होते. वर त्याचे तीन ठोके ऐकू आले.

आणि मग… दारावर.

टक.

एकच. दाराच्या बाहेरच्या बाजूने. मी कठड्यातून वर पाहिलं. जिन्यात दिवा होता. दारासमोर कोणी नव्हतं.

माझा फोन वाजला. "ताई, तू ठोकलंस का गं दार?"

"नाही रे. मी खाली आलेय."

तो म्हणाला, "बरं." इतक्या हळुवारपणे तो शेवटचा कधी बोलला होता, मला आठवेना. फोन बंद झाला. वरची कडी काढल्याचा आवाज आला.

मी वर गेले नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. परवा ठोक्याचा फोन आला. भुंगा प्रॅक्टिसला येत नाही, फोन उचलत नाही, तुम्ही जरा बघा. मी डबा घेऊन गेले. दाराशी उभी राहिले. हात उचलणार, तेवढ्यात आतून…

टक. टक. टक.

आणि लगेच, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून…

टक.

भुंगा हसला. लहानपणी पलंगाखालून हसायचा तसा. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. भुंग्याचं हसू मात्र पलंगावरूनच येत होतं.

मी डबा कडीला अडकवला आणि आवाज न करता खाली आले.

काल मामीने विचारलं, "पोरगं तिथे एकटंच असतं गं. करमतं का त्याला?"

"करमतं," मी म्हणाले.

"एकटंच असतं ना?"

मी भाजी ढवळत राहिले.