विक्तोर पाकने केलेला बदल

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं नाव वाचलं आणि कुरालायच्या हातातला चहा हिंदकळला.

बदल करणारा : विक्तोर पाक. काल दुपारी.

विक्तोरला माती देऊन महिना उलटला होता. कारागांदा शहराच्या गोठलेल्या कबरस्तानात ती स्वतः उभी होती.

त्यांच्या कारखान्यात, माणसांना खाणीत खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्यांचे ब्रेक बनत. ब्रेकने पाळायची प्रत्येक अट एका सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेली असे. ती कुणी नुसती वाचायची आणि कुणी बदलायची, हे हक्क कुरालाय सांभाळायची. ब्रेक अर्ध्या सेकंदात लागलाच पाहिजे, ही अट बदलायचा हक्क एकट्या विक्तोरला होता. आता तिथे लिहिलं होतं : दोन सेकंद.

तेवढ्या वेळात सुटलेला पिंजरा कुणाच्या बापाला आवरत नाही. आणि आज दहा वाजता नव्या ब्रेकवर माणसं पहिल्यांदा खाली उतरणार होती. त्यांत तिचा भाऊ दौलेत होता.

तिने खाणीला फोन लावला. "तुमच्या साहेबांनी सांगितल्याशिवाय चाचणी थांबत नाही, बाई," असं म्हणून पलीकडच्याने फोन ठेवला.

साहेब म्हणजे साकेन; वयाने मोठे म्हणून सगळे त्यांना आगा म्हणत. ती धावतच त्यांच्या खोलीत शिरली. चाचणी विभागाचा येर्केबुलान आधीच तिथे बसला होता. तिने धापा टाकत सगळं सांगितलं.

"विक्तोरचं खातं बंद कुणी केलं होतं?" साकेन आगांनी विचारलं.

"मीच. तुम्ही म्हणालात, त्याचा प्रवेश तेवढा बंद कर, बाकीचं राहू दे."

"बंद खातं पुन्हा कोण उघडू शकतं?"

"मी एकटीच."

"मग झालंच की!" येर्केबुलान उसळला. "स्वतःच करायचं आणि भुताचं नाव सांगायचं!"

"पोरी, तू घाबरली आहेस. घरी जा," आगा मायेने म्हणाले. "चाचणी होऊ दे, मग बघू."

ती जागची हलली नाही.

"येर्केबुलान, विक्तोर इस्पितळात होता तेव्हा तुझी कामं अडली होती?"

"कशाला अडतील? त्याची मंजुरी रोज यायची. गडी नळ्या लावून पडलेला, पण काम सोडलं नाही."

"रोज? त्या शेवटच्या आठवड्यातही?"

"हो, रोज."

"त्या आठवड्यात मी त्याला बघायला गेले होते. त्याला डोळेही उघडता येत नव्हते."

कुरालायला आता दिसू लागलं होतं.

"खातं कुणी उघडलेलंच नाही," ती म्हणाली. "आजारी माणूस सॉफ्टवेअरमधले आपले हक्क दुसऱ्याला उसने देऊ शकतो. तो दुसरा स्वतःच्याच खात्यातून शिरतो, बदलावर नाव मात्र मूळ माणसाचं लागतं. मी विक्तोरचं दार बंद केलं. उसनी दिलेली किल्ली बाहेरच राहिली."

"कुणाला दिली होती?" आगांनी विचारलं.

"ते मला दिसत नाही. मला फक्त रद्द करता येतं. रद्द केलं की ज्याच्याकडे हक्क होते त्याच्या फोनवर निरोप जातो."

तिने आगांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर उघडला. येर्केबुलानने आपला फोन काढून टेबलावर ठेवला. "दाब!"

तिने बटण दाबलं.

टेबलावरचा फोन गप्प होता. खुंटीवर टांगलेल्या साकेन आगांच्या कोटाच्या खिशात काहीतरी गुरगुरलं.

"बाकीचं राहू दे," कुरालाय पुटपुटली. "ते यासाठी होतं."

आगांचा चेहरा पांढराफटक पडला. "ब्रेक अर्ध्या सेकंदात लागतच नाही, पोरी. खाणीने तो परत केला असता, तर इथे टाळं लागलं असतं. त्या बिचाऱ्याने मला भरवशाने दिले होते हक्क…"

"आगा, फोन करा! आत माझा दौलेत आहे!"

ते बसूनच राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दहाला टेकत होता. येर्केबुलानने नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"पिंजरा सोडू नका," आगा म्हणाले.

"माणसं बसलीत, आगा. दार लावतोय."

"सोडू नका म्हणतो ना! ब्रेक खोटा आहे!"

तेव्हा कुठे कुरालाय भिंतीला टेकत खाली बसली. येर्केबुलानने फोन स्वतःच्या कानाला लावला.

"एकेकाला बाहेर काढा," तो खाणीला म्हणाला, "आणि मला नावं सांगा. सगळ्यांची."

पलीकडून येणारं प्रत्येक नाव तो मोठ्याने म्हणत गेला. दौलेतचं नाव शेवटी आलं.