शुक्रवारचा रेमाकल

हे तुम्ही केलंत. वर उंच खुर्च्यांवर बसून माणसांच्या वाटण्या करणाऱ्या तुम्ही लोकांनी. एवढ्याशा बेल्जियममध्ये फ्रीमेसनांच्या, त्या गुप्त बंधुसंघाच्या, इतक्या शाखा केल्यात, आणि एकाने दुसऱ्याच्या सभेत पाऊल टाकायचं नाही असा नियम ठोकलात. लिएज शहरातल्या रेमाकल दोनेने तो नियम एकोणीस वर्षं पाळला. त्याचं काय झालं ते ऐका.

म्यूज नदीकाठची विटांची इमारत एकच, वरचं सभागृहही एकच. सोमवारी उघड्या बायबलवर शपथ घेणारे पुरुष, रेमाकल त्यांतला. बुधवारी देवावाचून भागवणारे पुरुष. शुक्रवारी बायका-पुरुष एकत्र. खालच्या दाराशी तिन्ही दिवस म्हातारा ओनोरे. तो म्हणायचा, "मला सगळे सारखे. सगळ्यांच्या बुटांना चिखल असतोच."

दीक्षेच्या दिवशी नव्या माणसाला पांढऱ्या हातमोज्यांचे दोन जोड मिळतात. एक त्याचा, दुसरा, ज्याला तो सर्वांत जास्त मानतो त्याला द्यायचा. रेमाकलने तो बायकोला, ओदिलला दिला होता. तिने कपाटात ठेवला. पुढे ती स्वतःच शुक्रवारच्या शाखेत गेली. तिलाही दोन जोड मिळाले.

रेमाकल वाट बघत राहिला. महिना झाला, दोन वर्षं झाली. त्याने कपाटं उचकली, तिच्या कोटाचे खिसे चाचपले. त्याच्या स्वतःच्या जोडाखेरीज पुरुषाच्या मापाचा जोड घरात नव्हता.

एकदा ती सूप वाढत असताना त्याने विचारलंच. "दुसरे हातमोजे कुणाला दिलेस?"

"घरी हा विषय काढायचा नाही, असं ठरलंय ना आपलं?"

"कुणाचं ठरलंय?"

"पुरे आता तुझी थट्टा," ओदिल म्हणाली. "सूप गार होतंय."

सोमवारी त्याने ओनोरेला कोपऱ्यात गाठलं. "शुक्रवारी ती कुणाशेजारी बसते?"

"मला कशाला गोवता, बंधू?"

"बसते ना कुणाशेजारी?"

"बसते की. भला माणूस आहे. हसवतो तिला. डावा पाय जरा ओढतो, एवढंच."

"म्हणजे लंगड्यासाठी," रेमाकल म्हणाला, आणि तरातरा जिना चढला. डावा गुडघा त्याचाही ठणकत होता. रागात त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तो समोरच्या तंबाखूच्या दुकानाशी उभा राहिला. जूनचं, उशिरा मावळणारं लख्ख ऊन होतं. ओदिल आली. एकटीच होती. पण आत शिरताना तिने दार क्षणभर धरून ठेवलं, मागून येणाऱ्यासाठी धरतात तसं.

मागे कुणी नव्हतं.

बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग रस्ता ओलांडला. आजवर पाळलेला नियम त्याने उंबऱ्यावर मोडला.

ओनोरेने मान वर केली. "बाहेर कधी आलात? टोपी विसरलात का?"

रेमाकल तसाच पुढे गेला. जिना चढला. सभागृहाचं दार बंद होतं. प्रत्येक शाखेची दार ठोठावायची रीत वेगळी. त्याच्या हाताला सोमवारचीच सवय. दोन थापा जलद, थांबून तिसरी. ठोकल्यावर त्याला चूक कळली.

आतून उत्तर आलं.

दोन जलद. थांबून तिसरी, किंचित उशिरा. ती इतक्या उशिरा फक्त रेमाकल देत असे. सोमवारचे लोक त्यावरून त्याला चिडवत.

"बघा, बाहेर कोण आहे," आतून एका बाईने फर्मावलं.

पावलं दाराजवळ आली. एक पाय ओढत.

दार बोटभर उघडलं. फटीत पांढरा हातमोजा दिसला, पुरुषाच्या मापाचा.

"बाहेर कोणी नाही," आतला म्हणाला. रेमाकलच्याच आवाजात.

ओदिल हसली. असं हसणं त्याने घरात कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दार लागलं.

त्यानंतरच्या सोमवारी रेमाकल वेळेवर गेला. ओनोरेने त्याच्यासाठी मान वर केली नाही. वरचं दार त्याच्या तोंडावर लागलं, आणि सभा सुरू होताना रीतीप्रमाणे आतल्याने सांगितलं, "बाहेर कोणी नाही."

आवाज त्याचाच होता.

त्याने तुम्हाला तीन पत्रं लिहिली. तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाहीत. आता द्या. नियम तुमचा, दारं तुमची. मग त्या जिन्यावर अजून उभा आहे तो कोण?