अर्ध्या आवाजात

यातला एक शब्दही पदरचा नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं, तो छापखान्यातला माणूस अजून त्याच घरात राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या. मार्चमधला शेवटचा शनिवार, संध्याकाळचे सात.

त्याची बायको ऑपेरा गायची. म्हणजे अख्खं नाटक गाण्यातून, आणि तेही माईकशिवाय. सहा वर्षं ती शिकली. पहिलं वर्षभर शिकवणाऱ्या बाईंनी तिला जमिनीवर झोपवून, पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवून नुसता श्वास घ्यायला लावला.

“गाणं शिकायला जातेस आणि अजून श्वासच घेतेस?” तो चिडवायचा. “तो तर फुकट मिळतो.”

“तुला मिळतो. मला कमवावा लागतो.”

मग छोटी कामं मिळाली. मोलकरीण, मागच्या घोळक्यातली बाई. त्याची पाळी नेमकी संध्याकाळची. तो धावतपळत पोचेपर्यंत मोलकरीण निरोप सांगून आत गेलेली असायची.

एका वर्षी मात्र तिला नायिकेचं काम मिळालं. पहिल्यांदाच.

घरी ती रोज सकाळी दहाला पियानोवर एक सूर वाजवून सराव करायची, पण अर्ध्या आवाजात. प्रयोग जवळ आला की गायक गळा असाच राखून ठेवतात. वरचा सूर आला की ती तो खाली उतरवून उरकायची.

“एकदा पुरा लाव ना आवाज.”

“घरात नाही. पहिल्या प्रयोगाला ये. रजा टाक. मग ऐक.”

त्याने रजा टाकली. तिसऱ्या रांगेतली खुर्ची मिळाली.

प्रयोगाला अकरा दिवस उरले होते. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

पाचव्या दिवशी सकाळी तो भांडी घासत होता. दहा वाजले...

पियानोचा एक सूर वाजला.

एकच. ती सुरुवातीला वाजवायची, तोच.

आणि मग... आवाज. अर्धा.

ओल्या हातांनी तो दारात आला. पियानोचं झाकण बंद होतं. खोलीत कोणी नव्हतं. गाणं मात्र चालूच. वरचा सूर जवळ आला...

आणि खाली उतरला.

तो घाबरला नाही. म्हणजे घाबरला, पण पळाला नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच खुर्ची टाकून बसला.

“आता कशाला गं गळा जपतेस?” तो म्हणाला. “लाव की पुरा.”

गाणं थांबलं.

पुढच्या सकाळी परत आलं. तसंच, अर्धं.

तेव्हा त्याला वाटलं, कळलं. पहिला प्रयोग अजून व्हायचा होता. ती शब्दाची पक्की होती.

शनिवारी तो इस्त्रीचा सदरा घालून नाट्यगृहात गेला. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी होती. चांगली गायली. तो जिवाचा कान करून तिच्या आवाजामागचा आवाज शोधत राहिला.

काही नाही...

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो बसून होता.

घरी परतला, तर खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई जिन्यातच बसलेली. डोळे लाल.

“भाऊ, मला वाटलं तुम्ही घरातच आहात... तुम्ही तर बाहेरून येताय. मग रेकॉर्ड लावून गेला होतात का?”

“कसली रेकॉर्ड?”

“वहिनींची. सातला सुरू झाली. एरवी त्या गुणगुणल्यासारखं गायच्या, आज काय तो आवाज. माझ्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. वर गेला, आणखी वर गेला... मशीन बंद करून बसले मी. रडूच आलं.”

त्याने कठडा धरला.

“मग?”

“मग थांबल्या. आणि विचारलं, ‘आलं ना ऐकू?’”

त्याने जिन्यातून वर पाहिलं.

“दोनदा विचारलं, भाऊ. मी मनात म्हटलं, हा माणूस उत्तर का देत नाही?”

वर दाराला कुलूप होतं. त्यानेच लावलेलं.

त्यानंतर सकाळी दहाला काही वाजलं नाही. आजतागायत नाही.

त्याने पाळी बदलून घेतली. आता तो संध्याकाळी कुठेच जात नाही. सात वाजले की खुर्चीत बसतो आणि रिकाम्या खोलीला सांगतो, “हो... आलं.”

हे खोटं आहे. ते तिला कळत असेल, एवढीच त्याला भीती वाटते.