बिननावाचा घास

"गेलेल्या माणसासाठी घास काढून ठेवशील तर त्याचं नाव घेऊन ठेव, बयो. बिननावाचा घास म्हणजे उघडं दार. कोण आत येईल, सांगता येत नाही."

आत्याचा हा आवाज मी लहानपणी पाटावर बसून ऐकला. मग विसरून गेले.

गेल्या उन्हाळ्यात, परदेशात, तो पुन्हा कानात वाजला.

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे माझ्यासमोर घडलंय. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. तिथे उन्हाळ्यात संध्याकाळ सरता सरत नाही. आम्ही जेवायला बसायचो तेव्हा बाहेर लख्ख ऊन असायचं.

आम्ही तिघी मैत्रिणी. मी शिवणकाम करते. दुसरीचं तोंड मिटत नाही, म्हणून ती टेप. तिसरी नर्स, आमची सिस्टर. हिवाळ्यात भावोजी गेले, तिचे यजमान. ही सहल त्या दोघांनी ठरवलेली. भावोजींच्या जागी आम्ही दोघी तिच्यासोबत निघालो.

पहिल्या दिवशी किल्ला पाहिला. पायांचे तुकडे पडले. मग एका खानावळीत टेपने खुणांनीच सांगितलं, "इथलं जे चांगलं असेल ते आणा."

ताटं आली. सिस्टरने पहिला घास बशीत काढला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला.

"भावोजींना?" मी विचारलं.

ती नुसती हसली.

उठताना पाहिलं...

बशी रिकामी होती.

"मांजर असेल," टेप म्हणाली. "मांजरं इथली असोत की तिथली, फुकटीच."

दुसऱ्या दिवशी बाजारात जेवलो. मग नदीकाठी. प्रत्येक ठिकाणी तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर घास काढला. मांजर कुठेच नव्हतं. आम्ही गप्पांत रंगलो की त्या खुर्चीकडून आवाज यायचा...

मचमच. मचमच.

वळून पाहिलं की बंद.

सिस्टर मात्र उमलत चालली होती, पाणी घातलेल्या रोपासारखी. एका दुपारी म्हणाली, "तुम्ही दोघी जा परत. मी इथेच राहते."

"आणि लेक? ती डोळे लावून बसलीय."

"घरी कितीदा घास काढला. तसाच सुकायचा. इथे ते येतात गं."

मला ते पटेना. त्या दिवशीच्या जेवणात लसूणच लसूण होता. भावोजी लसणाच्या वासाने ताट सोडून उठायचे. आणि जेवताना त्यांच्या तोंडाचा आवाज कधी म्हणजे कधी येत नसे.

बशी तर चाटून पुसून लख्ख.

"भावोजी लसूण कधीपासून खायला लागले?" मी विचारलं.

"माणूस बदलतो."

"मेल्यावर?" टेप म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून गप्प बसली.

"घास काढताना नाव घेतेस ना?"

"घेते." माझ्याकडे न बघता.

निघायच्या दिवशी जेवताना तिने बशीत घास काढला, तसा मी तिचा हात धरला. "आज माझ्यासमोर नाव घे. तेच असतील तर थांबतील. मग तूही थांब, मी अडवणार नाही."

एके काळी 'नाव घे' म्हणायचा अवकाश, ही दोन ओळी जुळवून भावोजींचं नाव घ्यायची.

आता ओठ हलले. शब्द आला नाही.

मचमच... मचमच...

आम्ही तिघी त्या खुर्चीकडे पाहत होतो. तरी आवाज थांबला नाही.

मग एकदम थांबला.

सिस्टर दचकली. काहीतरी पुटपुटली. चेहरा पांढराफटक. पिशवी उचलून म्हणाली, "चला. आत्ताच्या आत्ता."

घरी आलो. ती लेकीकडे सुखरूप पोचली. आता तिघी जमलो की आम्ही मोठमोठ्याने बोलत जेवतो. शांतता पडू देत नाही.

परवा टेपला ठसका लागला. तो शमला तेव्हा क्षणभर सगळं शांत झालं.

सिस्टरच्या शेजारी कुणीच नव्हतं. तिचा घास तोंडाशी थांबलेला. तरीही तिच्याच बाजूने...

मचमच.

सिस्टरने हातातला घास खाली ठेवला.

"मी नाव कधी घेतलंच नव्हतं गं. घेतलं असतं तर ते गेले हे खरं झालं असतं. नुसतं म्हणायचे, 'या, बसा.'"

"आणि त्या दिवशी? काय पुटपुटलीस?"

"कानाशी कुणीतरी विचारलं, 'तुझं नाव काय?'"

"मग?"

"सांगून बसले."