कच्च्या तुतीची साक्ष

तो रविवार इतर रविवारांसारखाच होता. आईने रात्रभर साखरेत मुरवलेल्या स्ट्रॉबेरी पातेल्यात ओतल्या, त्यावर देठं कापलेली काळी तुती घातली. रास्पबेरीची वाटी मात्र तिने बाजूला ठेवली.

"ही नाजूक. आधी घातली की रडून मोकळी होते," ती म्हणाली.

ती अगदी शेवटी घालून तिने फ्रीजमधल्या गार बशीवर जॅमचा थेंब टाकला आणि बोटाने सरकवला. थेंबाला सुरकुती पडली. जॅम झाला होता.

चिमणीने चमचा चाटला. चिमणी तिशीची होती. अंगाने एवढीशी, म्हणून हे नाव. चार वर्षं ती आईच्या हाताखाली काम करत होती. "काकू, अमृत!"

"आणि तू गं?" आईने लेकीला विचारलं.

लेक पुस्तकांची मुद्रितं तपासायची आणि रविवारी घरी यायची. तिने चमचा खाली ठेवला. "नेहमीसारखा."

"म्हणजे पास की नापास?"

"नेहमीसारखा म्हणजे नेहमीसारखा."

आई हसली. चिमणी टोपली घेऊन अंगणात तुतीखाली गेली. आई पाठमोरी होऊन स्टीलचं मोठं झाकण घासूनपुसून लख्ख करू लागली. तेवढ्यात लेकीने दोन चमचे जॅम घाईघाईने तोंडात टाकला आणि चमचा पुसून जागेवर ठेवला.

सहा बरण्या भरल्या. संध्याकाळी आईने आपल्या वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही वरच्या फळीवर सारली. ती वही कुणी वाचलेली नव्हती. "वही आणि दात घासायचा ब्रश, ज्याचा त्याने वापरावा," असं आई म्हणायची.

सोमवारी सकाळी ती उठलीच नाही.

नऊ दिवसांनी लेकीने तपास करणाऱ्या बाईंना बोलावलं. बाई पूर्वी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासायच्या. त्यांच्या मदतीला त्यांचा दीर असे. तो त्यांना वहिनी म्हणे, म्हणून जगही वहिनीच म्हणे. आणि तो सगळ्यांचा भाऊजी.

"वही चोरीला गेली," लेक म्हणाली. "काल दुपारी भेटायला माणसं आली होती. चार वाजता वही फळीवर होती, पाच वाजता नव्हती. चिमणीने घेतली. तेवढं सिद्ध करून द्या."

"तिनेच कशावरून?"

"वहीपुढे तुतीची टोपली ठेवली होती. चोराने वही ओढली तेव्हा टोपली त्याच्या अंगावर आली. फळं चिरडली, कपाटाच्या दारावर काळा पंजा उमटला. मी तिथल्या तिथे सगळ्यांचे हात पाहिले. मावशीचे स्वच्छ, शेजारच्या बेकरीवाल्यांचे स्वच्छ. चिमणीचे मनगटापर्यंत जांभळे."

"लागला की हो चोर!" भाऊजी म्हणाले.

"सिद्ध झालं तर?" वहिनींनी विचारलं.

"शनिवारी तेरावं झालं की या स्वयंपाकघराला कुलूप, आणि तिला दार बंद. आईचं अक्षर आहे त्या वहीत. ते तिला मिळणार नाही. बाकी सगळं मिळालंच आहे तिला."

वहिनींनी शेवटचं वाक्य ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आधी त्या अंगणात गेल्या. तुतीच्या झाडाला खेटून नळ होता. नळाखाली फिकट हिरवा-लालसर चोथा पडला होता. वहिनींनी वाकून तो उचलला. कच्च्या तुती, देठासकट ओरबाडलेल्या, चुरडलेल्या.

"पाखरांनी खाल्ल्या असतील," भाऊजी म्हणाले.

"पाखरं पिकलेलं सोडून कच्चं खातात होय?"

चिमणी ओट्याशी उभी होती. तिचे हात अजूनही जांभळे होते.

"दुपारी बारापासून तुती काढत होते मी. फळ सडतंय म्हटल्यावर काकूंना बघवलं नसतं."

"कच्चीही काढलीस?"

"छे! कच्चं तोडलं की काकू बोलणं सोडायच्या."

"हात धुतले नाहीस?"

"साबणाने निळे पडतात, लिंबाने लाल. जात नाहीत. काकू म्हणायच्या, राहू दे, कामाची सही आहे." तिने हात मागे लपवले. "ताईंना वाटतं मी आई पळवली त्यांची. वही तर किरकोळच."

बेकरीवाले काका हात पुसतच आले. हाताला लिंबाचा वास येत होता.

"लिंबाचा केक," ते म्हणाले. "साडेचारला भट्टीतून काढायला गेलो होतो. आता तुम्ही विचारणार, तुम्ही हिच्या आईवर जळत होता का? जळत होतो. लोक माझा केक घ्यायचे आणि वर तिचा जॅम मागायचे. पण जळायला मला घरची भट्टी आहे."

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "लिंबू! त्यानेच डाग काढला असेल."

"चिमणी काय म्हणाली ते विसरलात."

मावशी, आईची धाकटी बहीण, बोटातली घट्ट अंगठी फिरवत बसली होती. ती सोमवारी दुपारी परगावाहून आली ती अजून इथेच होती.

"अक्काशी शेवटचं बोलणंही झालं नाही," ती म्हणाली. "महिनाभर अबोला होता. लहानपणी मात्र दोघी दिवसभर तुतीवर. आमची आई रोज हात तपासायची. एकदाही सापडलो नाही."

"खाताच नसाल!" भाऊजी हसले.

"पोट दुखेपर्यंत खायचो."

"मग सापडला कशा नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"नशीब." मावशी उठली. "हिला सांगा, त्या पोरीच्या मागे लागू नकोस म्हणावं. स्वतः चोरून दोन-दोन चमचे चाटणाऱ्यांनी दुसऱ्याला चोर म्हणू नये."

लेकीचा चेहरा लालबुंद झाला.

मावशी बाहेर गेल्यावर वहिनींनी हळूच विचारलं, "हे चमचे कधीचे?"

"त्या रविवारचे. आयुष्यात एकदाच. पण कुणी पाहिलं नव्हतं! चिमणी अंगणात होती, आई पाठमोरी झाकण पुसत होती."

वहिनींनी भिंतीवरचं मोठं झाकण काढून चेहऱ्यासमोर धरलं. "भाऊजी, ते तिसरं बिस्किट खाली ठेवा."

"अरेच्चा! पाठीला डोळे आहेत का तुम्हाला?"

वहिनींनी झाकण ओट्यावर ठेवलं. त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"हात बघून चोर ठरवला, तिथेच घोडं पेंड खातंय," त्या म्हणाल्या. "चिमणीचे हात बारा वाजल्यापासून जांभळे होते. आणखी डाग पडला असता तरी कुणाला कळलं नसतं. म्हणजे तिला हात धुण्याची गरजच नव्हती. पण कुणीतरी धुतले. नळाखाली कच्च्या तुती चुरडल्या आहेत. पिकल्या तुतीचा डाग साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. कच्ची तुती चोळली की जातो."

"खरंच?" चिमणी म्हणाली. "काकूंनी मला कधी सांगितलं नाही."

"कारण ती दोन बहिणींची गुप्त युक्ती होती. दिवसभर तुतीवर आणि घरात शिरताना हात पांढरे. नशीब नव्हतं ते."

मावशीची अंगठी फिरायची थांबली.

"असं तर कुणालाही ठाऊक असेल," ती म्हणाली.

"असेल. पण ते दोन चमचे? ते एकट्या तुमच्या अक्कानेच पाहिले, या झाकणात. भाऊजींचं बिस्किट मी पाहिलं तसे. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. तुमचा अबोला होता. मग तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी संध्याकाळी वहीत लिहिलं, त्या ओळींनी सांगितलं. वही वाचल्याशिवाय ते कळणं शक्य नाही. जरा अंगठी काढता?"

अंगठी निघेना. वहिनींनी बोटाला तेल लावलं. खाली काळंजांभळं कडं उमटलेलं होतं. कच्ची तुती तिथवर पोचली नव्हती.

भाऊजींनी बिस्किट ताटलीत ठेवलं.

मावशीने पिशवीतून वही काढली. "तुती-रास्पबेरी एकत्र करायची ही माझी कल्पना. पंधरा वर्षांची होते मी. लोक म्हणाले, अक्काचा जॅम. अक्का हसली, पण एकदाही म्हणाली नाही की हे धाकटीचं आहे. अबोला त्यावरूनच. वाटलं, तोंडाने नाही तर नाही, वहीत तरी लिहिलं असेल." तिने श्वास घेतला. "नाहीये. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी कुठेच नाही. आणि ही बया पानापानावर!"

"कोण?" लेकीने विचारलं.

"तू! चिमणीने काय म्हटलं, कुणी किती बरण्या नेल्या, एक अक्षर नाही. फक्त लेक काय म्हणाली. जाळून टाकणार होते. अक्षर तिचं, हात धजेना."

लेकीने वही उघडली. दर पानावर फळांची मापं आणि खाली तेच. लेक: नेहमीसारखा. लेक: नेहमीसारखा. साखर कमी करून पाहिली. लेक: नेहमीसारखा.

शेवटच्या पानावर रविवारची तारीख होती.

'लेक म्हणाली, नेहमीसारखा. मग चोरून दोन चमचे खाल्ले. साखर हीच ठेवायची.'



"काकूंचं मला शिकवतानासुद्धा तेच," चिमणी पुटपुटली. "'हे हिला आवडेल का गं?' मीच जळायचे तुमच्यावर, ताई."

लेकीने कमरेची किल्ली काढून चिमणीच्या जांभळ्या हातावर ठेवली. "शनिवारी कुलूप लावायचं नाही. तुला चोर म्हणाले, ते चुकलंच माझं. तू 'अमृत' म्हणायचीस ना, म्हणून मला म्हणवत नव्हतं. तुझीच री ओढायची नव्हती मला."

मग तिने पेन काढलं. पहिल्या पानाच्या समासात, मुद्रितं दुरुस्त करतात तशी खूण करून बारीक अक्षरात लिहिलं: 'कल्पना धाकट्या बहिणीची.' वही मावशीपुढे सरकवली. मावशीने ती ओळ वाचली, परत वाचली, आणि पदर तोंडाला लावला.

सहा बरण्यांना नऊ दिवसांत कुणी हात लावला नव्हता. लेकीने एक उचलली. झाकण टक् करून उघडलं. तिने चमचा भरून घेतला, सगळ्यांच्या देखत. आधी स्ट्रॉबेरी लागली, मग तुतीचा गडद गोडवा, आणि अगदी शेवटी, न विरघळलेली रास्पबेरी.

तिने ओट्यावरच्या त्या मोठ्या लख्ख झाकणाकडे पाहिलं. त्यात तिचाच चेहरा होता.

"छान झालाय, आई," ती मोठ्याने म्हणाली. "नेहमीच छान व्हायचा."